ग्लॉक पिस्तुलाला हाताची सेफ्टी बसवताना

मागच्या हिवाळ्यात डलासमध्ये घराबाहेर पडण्याआधी पिस्तूल हॉल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, ठेवताना हाताला किंचित अडथळा जाणवला. पाहिले, तर जाकिटाच्या दोरीची प्लास्टिकची गुंडी चापाच्या कड्यात शिरली होती. मी आणखी थोडा जोर दिला असता, तर बोटाचे काम त्या गुंडीनेच केले असते. पिस्तूल ग्लॉक १९ होते, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या कप्प्यात) काडतूस होते, आणि ग्लॉकच्या नेहमीच्या मॉडेलांना अंगठ्याने लावायची सेफ्टी, म्हणजे गोळी चुकून सुटू नये म्हणून असलेला खटका, नसते. त्या दिवसानंतर मी या विषयात खोल शिरलो. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगता येते, त्यामुळे इथल्या मराठी घरांतही पहिलेच पिस्तूल घेणारी मंडळी भेटतात आणि त्यांच्यापैकी अनेकांचा पहिला प्रश्न सेफ्टीचाच असतो. त्यांच्यासाठी हा लेख आहे. सुटा भाग बसवण्याचे काम फार तर अर्ध्या तासाचे असते. तो भाग खरोखर काम करतो याची खात्री करून घेणे आणि हाताला त्याची सवय लावणे यांना मात्र कित्येक आठवडे द्यावे लागतात.

आत आधीपासून काय असते

ग्लॉक १७ हे पिस्तूल १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या लष्कराने स्वीकारले. त्याच्या आत तीन सेफ्ट्या असतात आणि चाप दाबताच त्या तिन्ही क्रमाने सुटतात. चापाच्या मधोमध असलेली छोटी जीभ दाबली गेल्याशिवाय चाप मागे येत नाही. स्लाईडमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागात, एक स्प्रिंग लावलेली खुंटी फायरिंग पिनची (काडतुसावर ठोका मारणाऱ्या सुईची) वाट अडवून बसलेली असते आणि चापाची दांडी मागे येताना तिला वर उचलते. तिसरी व्यवस्था या दांडीच्याच मागच्या टोकाशी असते. पिस्तूल जमिनीवर आपटले तरी फायरिंग पिन दांडीवरून सुटू नये, याची काळजी ती घेते. पिस्तूल हातातून पडले तर गोळी सुटू नये यासाठी ही रचना उत्तम आहे. परंतु चाप कोणी दाबला, बोटाने की जाकिटाच्या दोरीने, हे तिला कळत नाही. सुमारे अडीच किलोचा दाब आणि साधारण १२.५ मिलिमीटरची हालचाल एवढे झाले की गोळी सुटते.

चाप मोकळा असताना ग्लॉकची फायरिंग पिन अर्धवट ताणलेली असते. उरलेला ताण चाप ओढताना पूर्ण होतो, म्हणजे त्या वेळी पिन आधी थोडी मागे जाते आणि मग सुटते. हा तपशील ध्यानात ठेवावा, कारण पुढे सांगितलेल्या एका उपकरणाचा सगळा आधार हाच आहे.

बाहेरची सेफ्टी नेमके काय अडवते, हेही आधी समजून घेतले पाहिजे. बहुतेक सेफ्ट्या चाप किंवा त्याची दांडी अडवतात. फायरिंग पिन त्या स्वतः धरत नाहीत. सिग सॉअरच्या पी३२० पिस्तुलाबाबत, ठराविक कोनात पडल्यास ते सुटू शकते असे आढळल्यावर, कंपनीने ऑगस्ट २०१७ मध्ये सुधारणेची योजना जाहीर केली. त्या सुधारणेत अंगठ्याचा खटका वाढवलेला नव्हता, चाप आणि आतले इतर भाग हलके केले गेले. आतली रचना बिघडलेल्या पिस्तुलाला बाहेरून खटका लावल्याने ते सुरक्षित होत नाही. तेव्हा तुमच्या पिस्तुलाच्या मूळच्या तीन सेफ्ट्या ठीक चालत नसतील, तर सगळ्यात आधी त्या दुरुस्त करून घ्या.

कोणती सेफ्टी निवडावी

पहिला प्रकार चौकटीवर, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीसकट खालच्या भागावर, बसणाऱ्या खटक्याचा. कोल्ट १९११ पिस्तुलावर घोडदळाच्या मागणीवरून अंगठ्याचा खटका आला, कारण स्वाराचा एक हात लगामावर असताना दुसऱ्या हाताने भरलेले पिस्तूल निर्धोक करता येणे आवश्यक होते. त्याच धर्तीचा खटका ग्लॉकसाठीही मिळतो. कॉमिनोली हे त्यातले जुने नाव. तो बसवण्यासाठी पॉलिमरच्या चौकटीत कापकाम करावे लागते, आणि एकदा पाडलेले छिद्र पुन्हा बुजत नाही.

दुसरा प्रकार चापात आडव्या बसणाऱ्या बटणाचा. पंप शॉटगनवर असते तसे बटण एका बाजूने दाबले की चाप अडतो, दुसऱ्या बाजूने दाबले की मोकळा होतो. इथे एक गोष्ट खरेदीपूर्वी पाहावी: असा चाप लावल्यावर चापाची मूळची जीभ राहते की जाते? जीभ जात असेल, तर बटण उघडे असताना तुम्ही ग्लॉकची एक मूळ सेफ्टी गमावलेली असते, आणि तो सौदा मला पटत नाही. शिवाय बटण चालवण्यासाठी बोट चापाच्या कड्याच्या आत न्यावे लागते. गोळी झाडण्याचा निर्णय होईपर्यंत बोट कड्याबाहेर, हा नियम शिकवताना आम्ही घसा कोरडा करतो; या उपकरणाने तोच नियम ढिला होतो.

तिसरा प्रकार मला सर्वांत आवडतो. स्लाईडच्या मागे एक छोटी पट्टी असते, तिच्या जागी बिजागरी असलेली पट्टी बसवायची. एससीडी (स्ट्रायकर कंट्रोल डिव्हाइस) या नावाने ती विकली जाते, आणि जुने लोक तिला गॅजेट म्हणतात. चाप ओढताना फायरिंग पिन मागे जाते, हे वर आलेच आहे. त्या हालचालीबरोबर ही पट्टी मागे उचलली जाते. पिस्तूल हॉल्स्टरमध्ये घालताना अंगठा पट्टीवर दाबून ठेवला, तर पिन मागे जाऊ शकत नाही आणि चापही पुरता ओढला जात नाही. दोरी अडकलीच, तर अंगठ्याखाली पट्टी उचलू पाहते आणि आपल्याला तत्काळ समजते. ही चालू-बंद होणारी सेफ्टी नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ती फक्त हॉल्स्टरमध्ये घालण्याच्या क्षणाची राखण करते. परंतु माझ्या जाकिटाची गोष्ट त्याच क्षणाची होती, आणि पिस्तूल बाहेर काढताना या उपकरणासाठी हाताला वेगळे काहीच करावे लागत नाही.

आणखी एक वाट अनेकांच्या ध्यानात येत नाही. सिग पी३६५, स्मिथ अँड वेसनची एम अँड पी मालिका, स्प्रिंगफील्ड हेलकॅट अशी पिस्तुले कारखान्यातूनच खटक्यासह आणि खटक्याविना अशा दोन्ही रूपांत मिळतात. तुम्हाला अंगठ्याचा खटका हवाच असेल आणि पिस्तूल अजून घ्यायचे असेल, तर कारखान्याने बसवलेला खटका घ्या. ज्याने पिस्तूल घडवले त्यानेच खटक्याची जागा ठरवून चाचण्या केलेल्या असतात, आणि वॉरंटीचा प्रश्नही उरत नाही.

कायद्याचे दोन शब्द

अमेरिकेत स्वतःच्या पिस्तुलावर स्वतः सेफ्टी बसवायला संघराज्याच्या कायद्यानुसार परवाना लागत नाही. दुसऱ्यांच्या बंदुकांवर असे काम धंदा म्हणून करणाऱ्याला मात्र संघराज्याचा बंदूक परवाना घ्यावा लागतो. राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत, म्हणून आपल्या राज्याचा नियम आधी वाचावा. कारागिराकडे पिस्तूल रात्रभर राहिले, तर त्याच्या वहीत त्याची नोंद होते.

भारतातील वाचकांनी पुढचे टप्पे केवळ माहिती म्हणून वाचावेत. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा त्यात बदल करणे हे परवानाधारकाचेच काम आहे. परवान्याचे पिस्तूल असले तरी हा बदल घरी करू नये. ते परवानाधारक विक्रेत्याकडे घेऊन जावे.

टेबलाशी बसण्याआधी

काम दिवसा, एकट्याने, फोन बाजूला ठेवून करावे. पिस्तूल सुरक्षित दिशेला धरून प्रथम मॅगझिन, म्हणजे मुठीतली काडतुसांची डबी, काढावे. मगच स्लाईड तीन वेळा पूर्ण मागे ओढावी आणि उघडी अडकवून ठेवावी. हा क्रम उलटला, तर स्लाईड पुढे जाताना मॅगझिनमधले काडतूस चेंबरमध्ये जाते. आता चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहावे, करंगळीचे टोक घालून चाचपावे, मॅगझिनची जागाही रिकामी आहे हे पाहावे. त्यानंतर खोलीतली सर्व काडतुसे उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवावीत आणि परत आल्यावर चेंबर पुन्हा एकदा तपासावे. हा अतिरेक नाही. ग्लॉक उघडण्यासाठी चाप दाबावाच लागतो, आणि साफसफाईच्या वेळी होणारे अपघात अनेकदा याच पायरीवर होतात. कोरड्या वाळूने भरलेली बादली टेबलाशेजारी ठेवावी आणि चाप दाबताना नळीचे तोंड तिच्यात असावे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तर हे टाळूच नये. भिंतीच्या पलीकडे आणि छताच्या वर माणसे असतात.

साहित्य फार लागत नाही. ३/३२ इंचाचा पंच (पिना ढकलायची बारीक सळई), मऊ चटई, उथळ थाळी, चांगला उजेड आणि डोळ्यांवर चष्मा. चष्मा खरोखर लावावा, कारण स्लाईडच्या मागच्या स्प्रिंगा उडतात. उपकरण मागवताना पिस्तुलाचे मॉडेल आणि पिढी अचूक लिहावी. एका पिढीचा भाग दुसऱ्या पिढीत नीट बसेलच असे नाही.

मागची पट्टी बदलणे

वाळूच्या बादलीत चाप दाबून झाला की स्लाईड साधारण तीन मिलिमीटर मागे धरून ठेवावी, चौकटीवरची स्लाईड अडवणारी आडवी पट्टी दोन्ही बाजूंनी खाली ओढावी आणि स्लाईड पुढच्या बाजूने सरकवून काढून घ्यावी. मोठी स्प्रिंग आणि नळी काढून बाजूला ठेवावी. आता स्लाईड उभी धरून नळीकडचे तोंड चटईवर टेकवावे. स्लाईडच्या तळाशी, फायरिंग पिनभोवती, प्लास्टिकची एक बाही दिसते. पंचाच्या टोकाने ती नळीच्या दिशेने दाबून धरावी आणि मागची पट्टी स्लाईडच्या खालच्या बाजूकडे सरकवावी. पट्टी अर्धी सरकली की तिच्यावर अंगठा ठेवावा. तिच्या मागे दोन स्प्रिंगांचा ताण असतो: एक फायरिंग पिनची, दुसरी रिकामे काडतूस ओढून काढणाऱ्या नखाच्या दांडीची. अंगठा नसेल तर हे भाग खोलीभर शोधत बसावे लागतात.

पट्टी निघाली की फायरिंग पिन आणि तिची स्प्रिंग बाहेर काढण्याची गरज नाही. ती जागेवरच राहू द्यावी. नवी पट्टी खालून खाचेत घालावी, तिने आधी नखाच्या दांडीचे टोक आणि मग प्लास्टिकची बाही आत दाबत वर सरकावे. शेवटच्या दोन मिलिमीटरला पंचाने बाही पुन्हा थोडी दाबावी लागते. पट्टी पूर्ण बसली की बाही तिच्या छिद्रात टक्‌ असा आवाज करून अडकते. आवाज झाला नाही, पट्टी बोटाने हलते आहे किंवा स्लाईडच्या कडेशी सपाट बसलेली नाही, असे काही आढळले तर पिस्तूल जोडू नये. पट्टी काढून पुन्हा बसवावी. बिजागरी बोटाने उचलून सोडावी, ती आपोआप मिटली पाहिजे. खाचेत तेलाचे थेंब सोडू नयेत. फायरिंग पिनची नाळ कोरडीच ठेवायची असते, कारण तेलात धूळ आणि काजळी साचून पिन मंदावते.

चौकटीवरचा खटका बसवायचा असेल तर

हे काम घरी करण्याचा सल्ला मी देत नाही. छिद्र अर्ध्या मिलिमीटरने सरकले, तर खटका वरून बसल्यासारखा दिसतो आणि आत चापाची दांडी काठावरच अडते; दहा वेळा अडेल, अकराव्या वेळी सटकेल. सेफ्टी लागली आहे असे समजून आपण निर्धास्त राहावे आणि ती लागलेली नसावी, ही स्थिती सेफ्टी नसण्यापेक्षा वाईट आहे. म्हणून परवानाधारक कारागिराकडे जावे, आणि हा खटका त्याने आधी कधी बसवला आहे का, छिद्रासाठी तो कारखान्याचा साचा वापरतो का, आणि तपासणी तुमच्यासमोर करून दाखवेल का, हे विचारावे. तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर पिस्तूल घेऊन बाहेर पडावे.

आपल्याला निदान एवढे माहीत असावे की तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या ग्लॉकच्या चौकटीत तीन पिना असतात, पाचव्या पिढीत दोनच. तीन पिना असतील तर वरची छोटी पिन आधी निघते, मग स्लाईड अडकवणारा खटका हलवत चापाची पिन, आणि शेवटी मागची पिन. बसवताना उलटा क्रम. पिना हलक्या हाताने निघतात. हातोडी मारावी लागत असेल तर काहीतरी चुकते आहे.

तपासणी

लेखाचा हा भाग छापून टेबलाशेजारी ठेवला तरी चालेल. पिस्तूल जोडून झाले की पुन्हा रिकामे असल्याची खात्री करावी. काडतुसे दुसऱ्या खोलीतच आहेत.

मूळच्या सेफ्ट्या प्रथम. चापाची जीभ न दाबता केवळ कडेने चाप मागे ढकलून पाहावा. तो हलता कामा नये. मग बादलीकडे तोंड करून चाप ओढावा, टक्‌ असा आवाज येईल. चाप तसाच दाबून धरून स्लाईड एकदा मागे ओढून सोडावी आणि चाप हळूहळू सोडत जावा, तो पुन्हा बसल्याची छोटी टिचकी बोटाला जाणवली पाहिजे. स्लाईड वेगळी असताना आणखी एक चाचणी करता येते. फायरिंग पिनचे खालचे टोक बोटाने मागे धरून सावकाश पुढे आणावे, ते खुंटीवर अडले पाहिजे. त्यानंतर जोर देऊनही पिनचे टोक स्लाईडच्या आतल्या, काडतूस टेकते त्या भागातील छिद्रातून बाहेर येता कामा नये. टोक झटक्यात सोडू नये, त्याने खुंटीची कड झिजते.

आता नवी सेफ्टी. स्लाईड ओढून पिन ताणावी, खटका लावावा आणि चाप नेहमीपेक्षा दुप्पट जोराने ओढावा. काही होता कामा नये. बोट चापावरून पूर्ण काढून घ्यावे आणि मग खटका उघडावा. याच क्षणी कान टवकारून ऐकावे. खटका लागलेला असताना चापाची दांडी किंचित जरी सरकली असेल, तर दोष बहुधा इथे उघड होतो आणि चापाला हात न लावता पिन सुटते. असे एकदाही झाले तर ते पिस्तूल त्याच दिवशी कारागिराकडे जावे. सगळे ठीक असेल, तर खटका उघडा ठेवून चाप ओढावा, टक्‌ झाले पाहिजे. हे चक्र दहा वेळा करावे, आणि दर वेळी स्लाईड ओढावी; एकदा पिन सुटल्यावर ग्लॉकचा चाप मागेच राहतो, त्या अवस्थेत केलेल्या चाचणीला अर्थ नाही. खटका मधल्या जागी थांबतो का, तेही पाहावे. त्याला फक्त दोनच विश्रांतीच्या जागा असाव्यात.

बिजागरीच्या पट्टीची चाचणी सोपी आहे. अंगठा दूर ठेवून चाप हळू ओढावा, पट्टी उचलली जाऊन मग टक्‌ व्हावे. पुन्हा स्लाईड ओढून, अंगठा पट्टीवर दाबून, चाप ओढावा. चाप मध्येच अडला पाहिजे.

यानंतर पेन्सिलीची चाचणी करावी. साधी लाकडी पेन्सिल, रबराची बाजू आत करून, नळीत सोडावी आणि नळी सुरक्षित दिशेला किंचित वर धरावी. चाप ओढला की फायरिंग पिनच्या ठोक्याने पेन्सिल बाहेर उडते. सेफ्टी लावून तीच कृती केली तर पेन्सिल हलणारही नाही. टक्‌ आवाज आला की पिन पुढे गेली असे आपण समजतो. पेन्सिल ते प्रत्यक्ष दाखवते, आणि घरच्या माणसांनाही पटवून देते.

नेमबाजीच्या मैदानावर

मॅगझिनमध्ये प्रथम एकच काडतूस भरावे, मग दोन. दोनाचे कारण असे की एका ओढीत दोन गोळ्या सुटण्याचा दोष असेल, तर तो दोनावरच थांबतो. त्यानंतर पाच, मग पूर्ण मॅगझिन. सेफ्टी लावून भरलेल्या पिस्तुलाचा चाप ओढण्याची चाचणी घरी कधीही करू नये. मैदानावर करायची तर नळी मातीच्या बांधाकडे रोखूनच. माझ्या मते निदान २०० गोळ्या कोणताही अडथळा न येता झाडल्याशिवाय हे पिस्तूल कमरेला लावू नये, आणि त्यातल्या ५० गोळ्या आपण रोज बाळगतो त्याच बनावटीच्या असाव्यात.

अंगठ्याची सवय

१९११ च्या धर्तीच्या खटक्यात खाली म्हणजे मोकळे, वर म्हणजे बंद. बेरेटा ९२ च्या स्लाईडवरील खटक्यात हे उलटे असते. घरात दोन्ही प्रकारची पिस्तुले असतील, तर मी स्पष्ट सांगेन की एक विकावे. घाबरलेल्या क्षणी अंगठा फक्त त्याची जुनी सवय पाळतो. डावखुऱ्या माणसाने दोन्ही बाजूंनी चालणारा खटका घ्यावा, नाहीतर तो घेऊच नये.

रिकाम्या पिस्तुलाने रोज पंधरा मिनिटे, महिनाभर: पिस्तूल बाहेर काढताना ते लक्ष्याकडे वळले की अंगठा खटक्यावर दाबावा आणि तिथेच टेकलेला ठेवावा; लक्ष्यावरून हटले की बोट बाहेर, खटका वर, आणि मगच हॉल्स्टर. खटका वर केल्याशिवाय पिस्तूल आत जाणे हे चुकीचे वाटू लागले पाहिजे. बिजागरीची पट्टी असेल, तर आत घालताना अंगठा पट्टीवर, एवढेच शिकायचे आहे.

हॉल्स्टरही तपासावे. कडक प्लास्टिकच्या हॉल्स्टरची कड काही वेळा खटक्याला घासून तो आपोआप उघडते. रिकामे पिस्तूल सेफ्टी लावून वीस वेळा आत-बाहेर करावे, कमरेला लावून गाडीत बसून-उठून पाहावे, आणि दर वेळी खटका कुठे आहे ते बघावे. एकदाही तो खाली आलेला दिसला, तर हॉल्स्टर बदलावे. दोरीच्या जाकिटांतल्या दोऱ्या मी कापून टाकल्या आहेत.

मुले असलेल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. खटका लहान मूल सहज खाली दाबते. पिस्तूल कमरेला नसेल तेव्हा ते कुलपाच्या पेटीतच असले पाहिजे, सेफ्टी कितीही चांगली असली तरी.

दर वेळी पिस्तूल साफ करून जोडल्यावर पेन्सिल नळीत टाकावी आणि सेफ्टी लावून आणि उघडून, दोन्ही स्थिती एकदा तपासाव्यात. मी तारीख आणि झाडलेल्या गोळ्यांची संख्या एका छोट्या वहीत लिहितो, त्यामुळे स्प्रिंग बदलण्याची वेळ कधी आली तेही कळते. ती वही मी पेटीतच, पिस्तुलाशेजारी ठेवतो.